गालावरचे डाग आणि पाठीवरचे डाग : तान्ह्या बाळाच्या फिकट चट्ट्यांचं एक प्रकरण

बाळाची आणि कुटुंबाची ओळख पटेल असे सगळे तपशील इथे वगळले आहेत. औषधांची मात्रा हिशोब समजावा म्हणून दिली आहे. ती वाचून घरी कुणी औषध सुरू करू नये.

पार्श्वभूमी

बाळ पूर्ण दिवसांचं, जन्मवजन २.९ किलो, आईवडिलांचं पहिलंच. गरोदरपणात आईला काही त्रास नव्हता. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत मेंदू, हृदय, मूत्रपिंडं सगळं व्यवस्थित असल्याची नोंद होती. बाळ जन्मताच रडलं, अंगावर नीट प्यायलं आणि तिसऱ्या दिवशी घरी गेलं. जन्मानंतरच्या तपासणीच्या कागदावर त्वचेपुढे ‘नॉर्मल’ एवढाच शब्द आहे.

पाचव्या आठवड्यात टाळूवर पिवळसर, तेलकट खपल्या धरल्या. पाठोपाठ भुवया, गाल, कानामागची घडी, मानेच्या वळ्या आणि जांघा इथे लाल चट्टे उठले. बाळ खाजवत नव्हतं, झोप आणि दूध दोन्ही ठीक होतं. तान्ह्या बाळांत नेहमी दिसणारं हे सेबोरिक डर्मटायटिस. डॉक्टरांनी १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनचं (सौम्य स्टेरॉइडचं) मलम दिवसातून एकदा, पातळ थरात लावायला सांगितलं. आठवड्याभरात लाली ओसरली, पण लाली होती त्याच जागी गालांवर, कपाळावर आणि कानामागे फिकट चट्टे मागे राहिले.

अडचण कुठे सुरू झाली

आजींच्या मनात पहिला शब्द आला तो कोड. त्यांनी तो उच्चारला नाही, पण घरात सगळ्यांना कळला. मलमाने लाली गेली तर डागही जातील, असं समजून तेच मलम पुन्हा सुरू झालं. आता दिवसातून दोनदा, चेहराभर, सलग तीन आठवडे. चिठ्ठीवर मलम किती दिवस लावायचं ते लिहिलेलं होतं, पण कधी थांबवायचं आणि पुन्हा का लावायचं नाही, हे कुणी समजावलं नव्हतं. स्टेरॉइडचं मलम लांबलं की ते स्वतःच त्वचेचा रंग उतरवतं आणि तान्ह्या बाळाची पातळ त्वचा आणखी पातळ करतं. घरचे डाग घालवायला जे लावत होते, त्यानेच डाग टिकून राहत होते.

दहाव्या आठवड्यात बाळाला पुन्हा दाखवलं. चेहऱ्यावरचे डाग पाहून शिबं असावं अशी शंका आली आणि बुरशीवरचं मलम मिळालं. त्या दिवशी बाळ दुपट्यात गुंडाळलेलं होतं. तपासणी चेहऱ्यापुरती झाली, कारण तक्रार चेहऱ्यापुरती होती. या प्रकरणातला हा पहिला निर्णयाचा क्षण, आणि तो हातून निसटला.

वजनकाट्यावर दिसलेला डाग

चौदाव्या आठवड्यात बाळ लसीकरणासाठी आलं. वजन घेताना सिस्टरनी कपडे पूर्ण काढले, लंगोटसुद्धा. बाळ पालथं वळलं तेव्हा पाठीवर उजव्या बाजूला, खालच्या बरगड्यांच्या जरा खाली, एक लांबट फिकट डाग दिसला. एक टोक गोल, दुसरं निमुळतं.

“ताई, हा जन्मापासून आहे का?”

“हो सिस्टर, असेल. तो काही वाढत नाही. आम्हाला काळजी तोंडावरच्या डागांची आहे.”

सिस्टरनी तो डाग फाइलमध्ये लिहिला आणि डॉक्टरांना बोलावून दाखवला. दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ नेऊन बाळाला पुढून, मागून, काखा आणि घड्या उघडून पाहिलं. तीन डाग मिळाले : पाठीवर २.२ सेंमी, डाव्या मांडीवर १.४ सेंमी आणि पोटावर ०.९ सेंमी. तिन्हींवर खवले नाहीत, हाताला खरखर नाही, कडा स्पष्ट. चेहऱ्यावरच्या डागांच्या कडा मात्र आसपासच्या त्वचेत विरघळत गेलेल्या होत्या. एकाच अंगावर दोन वेगळ्या जातीचे डाग होते.

अंधाऱ्या खोलीतली तपासणी

दुसऱ्या दिवशी त्वचारोगतज्ज्ञांनी वुड्स लॅम्पखाली बाळ तपासलं. हा साधारण ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील दिवा. त्वचेतलं मेलॅनिन हा प्रकाश शोषतं. जिथे मेलॅनिन कमी तिथून प्रकाश जास्त परततो आणि साध्या उजेडात जेमतेम जाणवणारा फरक उठून दिसतो.

तपासणी सोपी आहे, पण ती बिघडतेही सहज, म्हणून पद्धत सविस्तर देत आहोत.

आधी बाळाच्या अंगावरचं तेल, पावडर, मलम पुसून घ्यायचं आणि त्वचा कोरडी करायची. मलमाचे थर आणि कपड्यांची लव या प्रकाशात चमकतात आणि खोटे डाग दाखवतात. दिवा मिनिटभर आधी लावून ठेवायचा. खोली खरोखर अंधारी हवी, पडद्याच्या फटीतून येणारी तिरीपसुद्धा नको. तपासणाऱ्याने एक-दोन मिनिटं अंधारात थांबून डोळे सरावू द्यायचे. दिवा त्वचेपासून १० ते १५ सेंमीवर धरायचा, आणि बाळाने त्याकडे टक लावून पाहू नये म्हणून डोळ्यांवर मऊ कापड ठेवायचं. सुरुवात टाळूपासून करायची, केस विंचरत, कारण पांढऱ्या केसांची बारीक बटसुद्धा महत्त्वाची असते. मग चेहरा, मान, छाती, पोट, हात, पाठ, नितंब, पाय. प्रत्येक डाग मोजपट्टी लावून मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि शरीराच्या पुढच्या-मागच्या आराखड्यावर काढायचा.

या बाळाचे आधीचे तीन डाग दिव्याखाली स्पष्ट झालेच, शिवाय दोन नवे दिसले : उजव्या नितंबावर ७ मिमी आणि डाव्या नडगीवर ६ मिमी. एकूण पाच. चेहऱ्यावरचे चट्टे या प्रकाशात किंचितच उजळले.

जन्मल्यावर लगेच असे डाग दिसले नाहीत, याचा अर्थ ते नव्हते असा होत नाही. नवजात बाळाचा त्वचेचा रंग पुढच्या काही महिन्यांत हळूहळू भरत जातो. आजूबाजूची त्वचा गडद झाली की फिकट जागा उठून दिसते. जन्मानंतरच्या कागदावरचं ‘नॉर्मल’ त्या दिवसापुरतं खरं असू शकतं.

कोणकोणती कारणं तपासली

तान्ह्या बाळाच्या अंगावर फिकट डाग दिसला की बहुतेक वेळा कारण निरुपद्रवी असतं. हे आईवडिलांना आधी सांगायला हवं, आणि सांगितलंही. पण कारण ठरवताना एकेक शक्यता हाताने बाजूला सारावी लागते.

चेहऱ्यावरचे डाग सूज ओसरल्यानंतर मागे राहिलेले होते. जागा जुन्या लालीशी तंतोतंत जुळत होत्या, कडा अस्पष्ट होत्या. त्यात लांबलेल्या स्टेरॉइडची भर. शिबं म्हणावं तर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या नमुन्यात बुरशी नव्हती आणि दिव्याखाली पिवळसर-नारिंगी झाकही नव्हती. त्यामुळे बुरशीचं मलम थांबलं. मोठ्या मुलांच्या गालांवर दिसणारा पिटिरियासिस अल्बा या वयात सहसा नसतो.

आता अंगावरचे पाच डाग. कोड जन्मतः नसतं आणि पहिल्या काही महिन्यांत फारच क्वचित येतं. कोडाच्या जागी रंग पूर्ण गेलेला असतो, त्यामुळे दिव्याखाली तो डाग खडूसारखा निळसर-पांढरा झगमगतो. या बाळाचे डाग मळकट पांढरे होते : रंग कमी झालेला, गेलेला नव्हे. आजींना हे दिवा लावून दाखवलं. तोवरच्या सात आठवड्यांत त्यांना पहिल्यांदा नीट श्वास घेता आला असेल.

नीवस अ‍ॅनिमिकस ही जन्मखूण म्हणजे रंगाचा दोषच नाही. त्या जागेच्या रक्तवाहिन्या आकुंचलेल्या राहतात म्हणून त्वचा पांढुरकी दिसते. तो ओळखायला काचपट्टीने डागाची कड दाबायची. भोवतालचं रक्त दबलं की डाग आणि शेजारची त्वचा एकसारखी दिसते आणि कड हरवते. किंवा ती जागा चोळायची : आजूबाजूची त्वचा लाल होते, डाग होत नाही. वुड्स लॅम्पखाली हा डाग उठत नाही. या बाळात दाबल्यावर कडा तशाच राहिल्या आणि दिव्याखाली डाग उजळले, म्हणजे ही शक्यता गेली.

नीवस डिपिगमेंटोसस ही फिकट जन्मखूण सगळ्यांत जवळचा प्रतिस्पर्धी. नाव डिपिगमेंटोसस असलं तरी यात रंग कमी असतो, शून्य नसतो. तो जन्मतः किंवा पहिल्या काही वर्षांत दिसतो, बाळाबरोबर प्रमाणात वाढतो, जागा बदलत नाही. कडा बऱ्याचदा दातेरी. एकटा असा डाग पाहिला तर तो नीवस आहे की ट्यूबरस स्क्लेरोसिस (टीएससी) या जनुकीय आजाराचा डाग, हे नुसत्या नजरेने खात्रीने सांगता येत नाही. कातडीचा तुकडा काढून तपासला तरी या प्रश्नाला भरवशाचं उत्तर मिळत नाही, म्हणून बायोप्सी केली नाही. इथे निर्णय संख्येवर ठरतो. नीवस सहसा एक असतो, आणि इथे पाच वेगवेगळ्या जागी विखुरलेले डाग होते.

वळणावळणाच्या पट्ट्यांमध्ये, ब्लाश्को रेषांवर पसरलेला फिकटपणा असता तर पिगमेंटरी मोझॅइसिझमचा विचार केला असता. कपाळावर पांढरी बट आणि मधोमध पांढरा पट्टा असता तर पाइबाल्डिझमचा, आणि त्यासोबत डोळ्यांच्या बुबुळांचा रंग वेगळा असता तर वार्डेनबर्ग सिंड्रोमचा, ज्यात ऐकण्याची तपासणी टाळता येत नाही. पहिल्या काही आठवड्यांत दिसणारा एखादा पांढुरका चट्टा पुढे लाल होऊन हेमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, निघतो. तेही इथे नव्हतं. कुष्ठरोगाचा डाग इतक्या लहान वयात अपेक्षित नसतो, कारण त्या जंतूंना लक्षण दाखवायला बहुधा वर्षं लागतात.

उरली ती शक्यता ट्यूबरस स्क्लेरोसिस, म्हणजे टीएससी. दर सहा ते दहा हजार जन्मांमागे एका बाळात हा जनुकीय आजार असतो. टीएससी १ किंवा टीएससी २ या जनुकात बिघाड झाला की पेशींच्या वाढीवरचा एक लगाम सुटतो आणि मेंदू, हृदय, मूत्रपिंड, त्वचा, डोळे यांत गाठी तयार होतात. २०१२ मध्ये ठरलेल्या आणि २०२१ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत किमान ५ मिमीचे किमान तीन फिकट डाग हा एक प्रमुख निकष आहे. दोन प्रमुख निकष मिळाले तर निदान पक्कं, एकच मिळाला तर शक्यता. या डागांना अ‍ॅश नावाच्या झाडाच्या पानाची उपमा देतात, पण प्रत्येक डाग पानासारखा नसतो. या बाळाचा एकच तसा होता, बाकीचे अंगठ्याच्या ठशासारखे अनियमित.

पुढे काय करायचं

निर्णयाचा दुसरा क्षण. तीन वाटा होत्या.

पहिली, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. बाळ हसत होतं, मान धरत होतं, वस्तूमागे नजर फिरवत होतं, फिट आलेली नव्हती. एखाद-दुसरा डाग असलेल्या निरोगी बाळासाठी हाच मार्ग योग्य असतो. इथे मात्र डाग पाच होते, आणि टीएससीमधले इन्फंटाइल स्पॅझम, म्हणजे तान्ह्या बाळांना माळेसारखे येणारे छोटे झटके, बहुधा चौथ्या ते सातव्या महिन्यात सुरू होतात. तीन महिने थांबणं म्हणजे नेमका तोच काळ न पाहता घालवणं.

दुसरी, आधी जनुकीय चाचणी. निकालाला कित्येक आठवडे लागतात, आणि टीएससी असलेल्या साधारण १० ते १५ टक्के रुग्णांत नेहमीच्या चाचणीत बिघाड सापडत नाही. निकाल ‘काही नाही’ आला तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. चाचणी करायची, पण तिच्यासाठी थांबायचं नाही.

तिसरी, आठवड्याच्या आत इको (हृदयाची सोनोग्राफी), ईसीजी आणि झोपेसह व्हिडिओ ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद), मग मेंदूचा एमआरआय, मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि डोळ्यांचा पडदा. हीच निवडली. इको आणि ईईजी पहिले ठेवले, कारण दोन्हींत बाळाला झोपेचं औषध लागत नाही आणि दोन्हींच्या उत्तराने लगेच काहीतरी बदलतं.

आईवडिलांना हे सांगताना डॉक्टरांनी आजाराचं नाव घेतलं, पण त्याआधी तीन वाक्यं बोलले : तोंडावरचे डाग जातील. अंगावरचे डाग स्वतः काही करत नाहीत. पण ते आत पाहायला सांगतात. आणि त्याच भेटीत आईला स्पॅझम कसा दिसतो याचा व्हिडिओ दाखवला. नाव सांगून नुसतं ‘काळजी करू नका’ म्हणण्यापेक्षा हे फार बरं होतं.

तपासण्यांत काय मिळालं

इकोमध्ये हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या भिंतीत दोन गाठी दिसल्या, मोठी ८ मिमी. रक्तप्रवाहाला अडथळा नाही, ईसीजी नॉर्मल. या गाठींना रॅब्डोमायोमा म्हणतात. गरोदरपणाच्या मधल्या टप्प्यानंतर त्या वाढतात, म्हणून विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत दिसल्या नसाव्यात. बहुतेक गाठी पहिल्या काही वर्षांत आपोआप आटतात. आता दोन प्रमुख निकष झाले होते. निदान पक्कं.

पंधराव्या आठवड्यातला ईईजी जागेपणी आणि झोपेत दोन्ही नॉर्मल आला.

एमआरआय झोपेच्या औषधाविना करायचा प्रयत्न झाला. पहिल्यांदा फसला. बाळाला दूध पाजून गुंडाळलं खरं, पण यंत्र सुरू व्हायला पाऊण तास उशीर झाला आणि पहिल्या ठोक्यालाच ते जागं झालं. दुसऱ्यांदा तीन तास उपाशी ठेवून, यंत्र मोकळं असल्याची खात्री करून, त्याच खोलीबाहेर पाजलं. कानांत फोम, वर मऊ टोपी, आणि सगळ्यांत महत्त्वाची चित्रं आधी घेतली. बावीस मिनिटं मिळाली, तेवढी पुरली. मेंदूत कॉर्टिकल ट्यूबर (बाहेरच्या थरातल्या गाठी) आणि पोकळ्यांच्या भिंतींवर छोट्या गाठी दिसल्या. मूत्रपिंडं आणि डोळे स्वच्छ होते.

वडिलांच्या पायाची नखं

टीएससीच्या साधारण दोन तृतीयांश रुग्णांत बिघाड नव्याने झालेला असतो, आईवडिलांत नसतो. उरलेल्यांत तो वारशाने येतो आणि कधीकधी इतका सौम्य असतो की त्या व्यक्तीला पत्ताच नसतो. म्हणून आईवडिलांचीही तपासणी झाली, त्याच दिव्याखाली.

आईच्या अंगावर काही मिळालं नाही. वडिलांनी मोजे काढायला जरा का कू केली. उजव्या पायाच्या करंगळीच्या नखाच्या मुळातून तांदळाच्या दाण्याएवढा मांसल कोंब आला होता आणि त्याच्या दाबाने नखावर उभी पन्हळ पडली होती. शेजारच्या बोटाला तसाच एक, त्याहून लहान. बूट टोचतो म्हणून ते तो कोंब वर्षानुवर्षं नेलकटरने कापत आले होते, आणि तो दरवेळी परत येत होता. या नखालगतच्या फायब्रोमा. दोन असल्या की तो एक प्रमुख निकष. पाठीवर चार फिकट डागही मिळाले, जे आजवर कुणी मोजले नव्हते.

त्यांच्या मूत्रपिंडात २.५ सेंमीची अँजिओमायोलायपोमा, म्हणजे रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबीची गाठ, आढळली. ३ सेंमीपेक्षा मोठी आणि वाढणारी गाठ असेल तर औषधाचा विचार होतो, कारण ती फुटून रक्तस्राव होऊ शकतो. त्यांना दरवर्षी एमआरआय आणि रक्तदाबाची तपासणी सांगितली. सहा आठवड्यांनी बाळ आणि वडील दोघांतही टीएससी १ चा तोच बदल सापडला. म्हणजे पुढच्या प्रत्येक गरोदरपणात हा बदल बाळाला मिळण्याची शक्यता निम्मी. आणि तोच बदल असूनही प्रत्येकात आजाराची तीव्रता वेगळी असते, हे वडिलांकडे पाहून सांगावं लागलं नाही.

दुसरा ईईजी आणि अवघड निर्णय

टीएससी असलेल्या बाळाला पहिल्या वर्षात दर सहा आठवड्यांनी ईईजी करावा, असं २०२१ च्या शिफारशी सांगतात. एकविसाव्या आठवड्यातल्या ईईजीत दोन-तीन ठिकाणी फिटसदृश लहरी दिसल्या. बाळाला मात्र झटका आलेला नव्हता.

इथे दोन प्रामाणिक मतं आहेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एपिस्टॉप अभ्यासात, ईईजी बिघडताच आणि फिट यायच्या आधी व्हिगाबॅट्रिन हे फिटवरचं औषध दिलेल्या मुलांत फिट येण्याचं आणि औषधांना न जुमानणाऱ्या फिटचं प्रमाण कमी दिसलं. २०२३ च्या प्रिव्हेंट अभ्यासात स्पॅझम कमी झाले आणि उशिरा आले, पण दोन वर्षांच्या वयात बौद्धिक विकासात फरक दिसला नाही. दुसऱ्या पारड्यात औषधाची किंमत : व्हिगाबॅट्रिनने नजरेचं क्षेत्र कायमचं आकुंचित होऊ शकतं.

बालमेंदूविकारतज्ज्ञांनी दोन्ही बाजू मांडल्या आणि आपला कल औषध सुरू करण्याकडे असल्याचंही सांगितलं. कुटुंबाने थांबायचं ठरवलं, मात्र तीन अटींवर : औषध घरात आणून ठेवायचं, ते कसं बनवायचं हे आधीच शिकून घ्यायचं, आणि संशयास्पद हालचाल दिसली तर त्याच दिवशी व्हिडिओ पाठवायचा.

झटके सुरू झाले तेव्हा

बारा दिवसांनी, सकाळी उठल्यावर काही मिनिटांत, बाळाने मान पुढे टाकली, हात एकदम पसरले, गुडघे पोटाकडे ओढले. एक-दोन सेकंद. मग सैल. दहा सेकंदांनी पुन्हा तसंच. असे चौदा.

बऱ्याच घरांत याला पोटदुखी किंवा दचकणं समजतात. फरक असा : दचकण्याला आवाज किंवा धक्का निमित्त असतो, ते एकदाच होतं आणि चार ते सहा महिन्यांत ती सवय जाते. स्पॅझम निमित्ताशिवाय, माळेसारखे एकामागून एक येतात, बहुधा झोपेतून उठताना. पोटदुखीत बाळ वळवळतं, रडणं सलग असतं. स्पॅझममध्ये बाळ प्रत्येक झटक्यानंतर क्षणभर थांबतं आणि रडलं तर मध्येमध्ये रडतं.

आईने दुसऱ्या झटक्यालाच फोन हातात घेतला. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ : पूर्ण शरीर चौकटीत, पांघरूण बाजूला, खोलीतला दिवा लावलेला. दुपारी ईईजी झाला आणि संध्याकाळी औषध सुरू झालं.

वजन ६.८ किलो. सुरुवात दिवसाला किलोमागे ५० मिग्रॅ, म्हणजे ३४० मिग्रॅ, दोन भागांत १७०-१७० मिग्रॅ. व्हिगाबॅट्रिनच्या ५०० मिग्रॅच्या पुडीत १० मिली पाणी घातलं की प्रत्येक मिलीत ५० मिग्रॅ होतात. म्हणजे एका वेळी ३.४ मिली. उरलेलं टाकून द्यायचं, दुसऱ्या वेळेसाठी ठेवायचं नाही. चूक नेहमी पाण्यात होते : कुणी पुडी ५ मिलीत विरघळवतं आणि सिरिंजवर ३.४ चीच खूण पाहतं, की मात्रा दुप्पट. इथे सिरिंजवर चिकटपट्टीची खूण केली होती आणि पाणी मोजायची सिरिंज वेगळी, मोठी ठेवली होती. तीन दिवसांत मात्रा किलोमागे १०० मिग्रॅवर नेली, म्हणजे वेळेला ६.८ मिली. सहाव्या दिवशी स्पॅझम थांबले. दोन आठवड्यांनंतरच्या झोपेतल्या ईईजीतही ते नव्हते. डोळ्यांची तपासणी सुरुवातीला आणि पुढे दर तीन महिन्यांनी ठेवली.

आता बाळ कसं आहे

स्टेरॉइड थांबवून फक्त साधं मॉइश्चरायझर लावलं. चेहऱ्यावरचा रंग आठव्या महिन्यापर्यंत भरून आला. अंगावरचे पाच डाग आहेत तसेच आहेत, ते राहतील.

बाळ नवव्या महिन्यात आधाराविना बसलं, सतराव्या महिन्यात चाललं. चौदाव्या महिन्यात एका बाजूचा झटका आला, दुसरं औषध जोडावं लागलं. हृदयातल्या गाठींपैकी एक दिसेनाशी झाली, दुसरी ४ मिमीवर आली. दीड वर्षाला चार-पाच शब्द आहेत, नावाला प्रतिसाद कधी देतं कधी नाही, म्हणून वाचा आणि वर्तनाचं प्रशिक्षण निदानाची वाट न पाहता सुरू झालं आहे. टीएससीमध्ये स्वमग्नतेचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे हा भाग दरवर्षी नव्याने तपासायचा आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सहाव्या आठवड्यात सेबोरिक डर्मटायटिस पाहताना मानेच्या वळ्या आणि जांघा तपासल्या गेल्या, पाठ नाही. दहाव्या आठवड्यात तर दुपटंच सुटलं नाही. त्वचेची कुठलीही तक्रार असो, बाळ एकदा पूर्ण उघडं करून पुढून-मागून पाहायला तीन मिनिटं लागतात. ती दिली असती तर निदान चार ते आठ आठवडे आधी झालं असतं. स्पॅझम टळले असते असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण घराला निर्णयासाठी जास्त सवड मिळाली असती.

मलमाच्या चिठ्ठीवर ‘लाली गेली की बंद. मागे फिकट डाग राहतील, ते महिन्यांत भरतात, त्यावर हे मलम लावू नका’ ही ओळ हवी होती. तिने तीन आठवड्यांचं स्टेरॉइड वाचलं असतं, आणि कोडाची धास्तीही.

एकविसाव्या आठवड्यात थांबण्याच्या निर्णयाबद्दल तज्ज्ञांत आजही दोन मतं असतील. या कुटुंबाला तो पेलला, कारण बारा दिवसांनी पहिल्याच सकाळी आईला काय पाहतो आहोत ते कळलं. औषध घरात नसतं किंवा व्हिडिओ आधी दाखवला नसता, तर आमचं मत उलट असतं.

आणि उलट बाजूची चूकही होऊ नये. एक किंवा दोन फिकट डाग, बाकी बाळ छान, घराण्यात फिट, मूत्रपिंडाच्या गाठी किंवा चेहऱ्यावर न जाणाऱ्या पुटकुळ्या नाहीत, असं असेल तर एमआरआयची घाई करायची नाही. वुड्स लॅम्पखाली एकदा नीट मोजायचं, आईवडिलांची त्वचा आणि नखं पाहायची, स्पॅझम कसा दिसतो ते सांगायचं आणि तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं. त्या वेळी तिसरा डाग सापडला तर या प्रकरणातली तिसरी वाट त्याच आठवड्यात धरायची.